अध्यक्षबाईंचा विभक्त भाऊ

११ जानेवारी

बारके,

आणि ते सायकलचं तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. बाकी काय छापायचं ते छापा, पण पहाटे उठून पेपर टाकायला तू जात नव्हतीस, मी जात होतो. तू तोंड उघडं टाकून झोपलेली असायचीस. सायकल बाहेर काढताना चाक दाराला घासलं की डोळे न उघडता मला ‘गाढवा’ म्हणायचीस आणि कूस बदलायचीस. हे फोनवर सांगायला गेलो तर ‘दादा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून तीनदा ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पत्र आलं की त्याला मीटिंगमध्ये आहे असं सांगता येत नाही.

तुझं ते चार पानी पत्रक आईनं पाठवलेल्या स्वेटरच्या पुडक्यात निघालं. तिनं ते मला वाचायला म्हणून पाठवलं की नुसतं गुंडाळायला म्हणून वापरलं, कळायला मार्ग नाही. तुझ्या फोटोवर तेलाचा डाग आहे. वर मोठ्या अक्षरात ‘सव्विसाव्या वर्षी नगराध्यक्ष: एका कष्टाळू कन्येची वाटचाल’. मग आत: ‘वडील अंथरुणाला खिळल्यावर अवघ्या अकराव्या वर्षी त्यांनी पहाटे सायकलवरून वर्तमानपत्रे वाटून घर सावरले.’ साल बरोबर आहे. आजार बरोबर आहे. सायकलसुद्धा बरोबर आहे. फक्त पोर बदललं. मी तेव्हा चौदाचा होतो, सातवीतून नाव काढलं होतं, आणि तू पाचवीत वर्गात पहिली आली होतीस. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता, पण तो पत्रकात नाही.

माझ्यासाठी शेवटच्या पानावर एक ओळ सोडली आहे. ‘त्यांचे ज्येष्ठ बंधू बाहेरगावी तांत्रिक क्षेत्रात उच्च पदावर कार्यरत आहेत.’ उच्च तर खरंच. सध्या मी एकोणिसाव्या मजल्यावर आहे, बाहेरच्या बाजूनं. दोराला फळी, फळीवर मी, मांडीशी बादली आणि हातात रबराची पट्टी. काचेपलीकडे लोक खुर्च्यांवर बसून काम करत असतात. परवा एका बाईनं मी काच पुसत असतानाच पडदा ओढून घेतला. मी तरी पुसली. पगार काचेचा असतो, पडद्याचा नसतो.

खोलीतल्या पोरांनी तुझं पत्रक आरशाशेजारी चिकटवलंय. मला आता सगळे अध्यक्षांचा भाऊ म्हणतात, आणि अंघोळीच्या रांगेत एक नंबर पुढं सोडतात. तेव्हा फार रागावलोय असं समजू नकोस. पण सायकल माझी. आईच्या गुडघ्यांचं कळव.

दादा

•

२९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर ‘कष्टाळू कन्या, नगरपालिका’ एवढाच पत्ता घालायची गरज नव्हती. शिपायानं तो सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला आणि पत्र न विचारता माझ्या टेबलावर आणून ठेवलं, हे मात्र मला आवडलं.

पत्रक वकीलकाकांनी लिहिलं. बाबांचे जुने मित्र म्हणून त्यांनी माझं सगळं अंगावर घेतलंय, हे तुला माहीत आहे. त्यांनी विचारलं, घरची परिस्थिती कशी होती? मी म्हणाले, आम्ही पेपर टाकायचो. त्यांनी ‘आम्ही’चं ‘त्यांनी’ केलं. मी दुरुस्ती सुचवली तर म्हणाले, चार हजार प्रती वाटून झाल्या, आता तुझ्या बालपणावर हरकत घ्यायची मुदत संपली.

पण दादा, तुला वाटतं तसं मला कुणी डोक्यावर घेऊन बसवलेलं नाही. मी निवडून आले ती लोकांचे अर्ज भरून. शिकवणी घेऊन घरी आले की ओट्यावर बसायचे आणि गल्लीतल्या कुणाचा नळजोडणीचा, कुणाचा पेन्शनचा, कुणाचा मुलाच्या दाखल्याचा अर्ज लिहून द्यायचे. सहा वर्षं. मतं मागायला गेले तेव्हा प्रत्येक घरात माझ्या अक्षरातला एक तरी कागद होता. आणि अध्यक्ष झाले ती तिघा म्हाताऱ्या नगरसेवकांच्या भांडणात. तिघांनाही खुर्ची हवी होती आणि दुसऱ्याला मिळू द्यायची नव्हती. तिघांनीही वेगवेगळं येऊन मला सांगितलं, बाळ, तू फक्त सही करत जा. मी तिघांनाही हो म्हणाले.

पहिली सही मी आपल्या गल्लीच्या गटाराची केली. तुला आठवतं ना, पावसाळ्यात उताराच्या चाळीस घरांत पाणी शिरतं ते? गेल्या वर्षी पाणी खाटांपर्यंत आलं होतं, आणि एक बाळंतीण दोन दिवस टेबलावर बसून होती. गटार रुंद करायचं तर त्याच्यावर बसलेलं सगळं काढावं लागणार. कट्टे, टपऱ्या, ओटे, सगळं. ठराव एकमतानं झाला, कारण तिघांनाही वाटलं की हे काही होत नाही. पावसाआधी ते मी करून दाखवणार आहे.

आईचे गुडघे तसेच. जिना नको म्हणते, पण बाजारात स्वतःच जाते.

बारकी

ता. क. आपल्या दारातल्या तीन पायऱ्या तू कुठल्या साली बांधल्यास? सहज विचारतेय.

•

१६ फेब्रुवारी

बारके,

सहज विचारतेय असं लिहिलंस तिथंच मी पत्र खाली ठेवून एक विडी ओढली. तू लहानपणी ‘सहज’ विचारायचीस तेव्हा तुझ्या पाठीमागे काहीतरी फुटलेलं असायचं.

आधी पत्ता बदललाय तो नीट बघ. काचा सोडल्या. मुकादम म्हणाला दोर तपासायचा वेळ पगारातून कापणार. मी म्हणालो मग तुम्हीच लटका. आता मासळीच्या शीतगृहात आहे. खोकी उचलायची, रचायची. आत गेलं की पापण्यांवर बर्फ धरतो आणि बाहेर आलं की रडल्यासारखं पाणी गळतं, त्यामुळे इथं कोण खरं रडतंय ते कुणालाच कळत नाही. सोयीचं आहे.

तर पायऱ्या. बारा वर्षं झाली. मी सतरा, तू चौदा. बाबा गेले त्याच वर्षी. आईचा गुडघा पहिल्यांदा सुजला होता, आणि दारातून रस्त्यावर उतरायचं म्हणजे कमरेइतकी उडी. तुझ्या नगरपालिकेनं रस्ता खाली नेला आणि आमचं घर वर लटकत ठेवलं. परवानगीचं विचारशील तर परवानगी रविवारची होती. गल्लीत आजवर जे काय बांधलंय ते शनिवारी दुपारी ऑफिस बंद झाल्यावर सुरू होतं आणि सोमवारी ऑफिस उघडायच्या आत वाळतं. सोमवारी नगरपालिकेचा मुकादम येतो, बघतो, म्हणतो ‘हे जुनंच दिसतंय’ आणि जातो. ही आपल्या गावची रीत आहे, मी नवीन काढलेली नाही.

मी तेव्हा गवंड्याच्या हाताखाली होतो. माझं पहिलं स्वतंत्र काम ते. खालची पायरी सरळ गटाराच्या फरशीवर टेकवली, दुसरीकडे जागाच नव्हती. आणि तू कुठं होतीस ते विसरली असशील तर सांगतो. तू गल्लीच्या तोंडाशी उभी होतीस, मुकादम येतो का बघायला. दिसला तर शिंपीमामांच्या दुकानात जाऊन मोठ्यानं दोरा मागायचा असं ठरलं होतं. शिंपीमामाही सामील होते. नगरपालिकेच्या कामातली तुझी ती पहिली नेमणूक, हेही पत्रकात यायला हवं होतं.

आता तू काय करायचंस ते सांगतो. गटार आपल्या दारापाशी दोन हात वाकव. सगळे अध्यक्ष वाकवतात. नाहीतर खुर्चीचा उपयोग काय? आई उडी मारणार आहे का या वयात?

दादा

•

५ मार्च

दादा,

गटार वाकवायला निघालेच होते, हे तुला सांगूनच टाकते. वकीलकाकांनी नकाशा करून आणला होता. त्यात गटार आपल्या दारापाशी समोरच्या बाजूला सरकतं आणि शिंपीमामांच्या टपरीखालून जातं. मी नकाशाकडे बघत बसले. मग विचारलं, टपरी तर तशीही जाणारच आहे, पण त्यांचं घरही त्यातच धरलंय का? काका म्हणाले, भिंत फक्त. मी नकाशा परत दिला.

पण खरी अडचण वेगळी आहे. नियम असा आहे की लोकप्रतिनिधीनं स्वतः किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणी बेकायदा बांधकाम केलं असेल तर पद जातं. आमची दंडेली नको म्हणून कुणीतरी हा नियम केला, आणि तो चांगला आहे, हे मीच गेल्या वर्षी शिकवणीतल्या मुलांना समजावून सांगितलं होतं. मी गेले तर त्या तिघांपैकी एक येईल आणि गटार पुढच्या पावसाळ्यापर्यंत फाइलीत झोपेल. तिघांचीही घरं चढावर आहेत.

वकीलकाकांनी एक मार्ग काढलाय. सोबत मसुदा आहे. तू फक्त असं लिहून द्यायचं की पायऱ्या तू बांधल्यास, घरच्यांना न विचारता, आणि गेली तेरा वर्षं तू कुटुंबापासून विभक्त आहेस. म्हणजे नियमात ‘कुटुंब’ आहे त्यात तू येत नाहीस. काका म्हणतात, हा नुसता कागद आहे, कपाटात राहील, कुणी विचारलंच तर काढायचा. सही करून थेट त्यांच्या पत्त्यावर पाठव. नको असेल तर नको पाठवू. मी आग्रह करत नाहीये.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

बारकी

•

२४ मार्च

बारके,

सही केली. आजच काकांच्या पत्त्यावर टाकली. इथल्या मॅनेजरला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं तर तो विचारत होता, घरी काय झालं? मी म्हणालो, बहीण मोठी झाली.

मसुदा चांगला आहे, मी चार वेळा वाचला. तेरा वर्षांपूर्वी मी सोळाचा होतो. म्हणजे सोळाव्या वर्षी मी कुटुंबापासून विभक्त झालो, आणि विभक्त अवस्थेत रोज त्याच घरात जेवलो, त्याच घरात झोपलो, बाबांना औषध पाजलं, आणि मग सतराव्या वर्षी एका रविवारी घरच्यांना न विचारता येऊन आईला पायऱ्या बांधून गेलो. आई आतून पाण्याची घागर भरून देत होती, पण तिलाही न विचारता. किती गुणी विभक्त मुलगा. वाचून माझाच मला अभिमान वाटला.

एक हिशेब मात्र लक्षात आला. पत्रकात मी सायकल चालवली ती तुझी झाली. या कागदात आपण तिघांनी मिळून केलं ते एकट्या माझं झालं. म्हणजे घरातलं जेवढं चांगलं तेवढं तुझ्या नावावर आणि जेवढं बेकायदा तेवढं माझ्या. वाटणी अशीही होते, मला माहीत नव्हतं. वकीलकाकांना सांग, एवढी स्वच्छ वाटणी कुठल्याच भावाबहिणीत झाली नसेल.

मी चिडलेलो नाही. मजेत लिहितोय. तू गटार कर. ती बाळंतीण टेबलावर बसलेली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, मी तिला बघितली नसली तरी.

फोन करू नकोस, तो खाऱ्या पाण्याच्या टाकीत पडला आणि तिथंच मेला. ही जागाही सोडतोय. छातीत घरघर येते. नवा पत्ता खाली लिहिलाय, हॉटेलच्या धुलाईखान्याचा, तिथं उबदार असतं म्हणे.

दादा

•

२ एप्रिल

दादा,

सही करू नकोस. केली असशील तर पाठवू नकोस. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे घाईत लिहितेय. जुन्या पत्त्यावर एक आणि तुझ्या खोलीवर एक, अशा दोन प्रती टाकतेय.

परवा मी आपल्या पायऱ्या फोडल्या. मसुदा तुला पाठवला त्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, फोड, पण रविवारी नको, कामाच्या दिवशी फोड, सगळ्यांसमोर. म्हणून सोमवारी सकाळी अकराला, गल्लीत सगळ्यात आधी आपल्याच दारातून सुरुवात केली. पहिला घाव मी घातला, कुणीतरी फोटो काढला. तुझं काम पक्कं होतं, तीन माणसांना दोन तास लागले, आणि त्यांच्यातला एक म्हणाला, हे कुणी बांधलं होतं, धरणवाल्यानं?

आपली फुटल्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली मोकळी झाली. शिंपीमामांची टपरीही गेली. ते मशीन डोक्यावर घेऊन घरात गेले.

आई सध्या दारात बसते, पाय खाली सोडते, आणि शेजारीण हात देते. लोखंडी पायरी करून घेतेय, बिजागरीची, उचलून भिंतीला लावता येईल अशी. त्याला नियमानं परवानगी मिळते, मी बघितलं.

कागद पाठवू नकोस. आता त्याची गरज नाही.

बारकी

•

१९ मे

दादा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं चोवीस मार्चचं मला दहा एप्रिलला मिळालं. तुझा सहीचा कागद काकांना दोन दिवस आधीच मिळाला होता, आणि त्यांनी मला न सांगता तो ऑफिसात दाखल केला होता. मी आवकच्या कारकुनाकडे गेले, म्हणाले, हा कागद परत द्या. त्यानं उभं राहून, अगदी आदरानं सांगितलं, मॅडम, तुम्ही गटार हलवू शकता, रस्ता हलवू शकता, पण नंबर पडलेला कागद बाहेर नाही काढता येत. मी अध्यक्ष आहे, म्हणाले. तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय.

तरी मला वाटलं, पडून राहील. पण शिंपीमामांनी जिल्ह्याच्या साहेबांकडे अर्ज केला. अर्ज साधा होता: अध्यक्षांनी स्वतः पायऱ्या फोडल्या, म्हणजे त्या बेकायदा होत्या हे त्यांनीच कबूल केलं, तर नियमाप्रमाणे त्यांचं पद जायला हवं. दादा, तो अर्ज बघून मला हसू आलं आणि लाजही वाटली, कारण तो मी शिकवला होता तसा लिहिलेला होता. विषय वर, मुद्दे क्रमानं, शेवटी विनंती. त्यांना पूर्वी दोन अर्ज मीच लिहून दिले होते. ते त्यांनी समोर ठेवून हा लिहिला असणार. मामांचा राग माझ्यावर नाही. त्यांनी साहेबांना सांगितलं, पोर चांगली आहे, पण माझी टपरी नियमानं गेली तर तिची खुर्ची का राहावी? याला काय उत्तर आहे?

म्हणजे मी तुझा कागद कपाटात ठेवून पायऱ्या वाचवल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. खरं वागले म्हणून सुनावणी लागली.

सुनावणी परवा झाली. घर आईच्या नावावर, म्हणून तिलाही बोलावलं होतं. लोखंडी पायरीवरून ती पहिल्यांदा उतरली ती त्या दिवशी. ती माझ्या मागच्या खुर्चीवर बसली होती. वकीलकाकांनी तुझा कागद काढला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांनी मला विचारलं, ‘हे गृहस्थ तुमच्या कुटुंबात आहेत का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.’

गटाराचं काम निम्म्यावर आहे. गल्ली उघडी पडलीय. आता थांबलं तर पाणी चाळीस घरांत नाही, ऐंशी घरांत जाईल. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी हे तुला कारण म्हणून सांगत नाहीये, डोक्यात होतं म्हणून सांगतेय.

मी म्हणाले, ‘नाही.’

अर्ज फेटाळला. पद राहिलं. काकांनी माझी पाठ थोपटली. बाहेर शिंपीमामा उभे होते. ते आईला म्हणाले, वहिनी, पोरगा इतका दूर गेला हे मला ठाऊक नव्हतं. आई तशीच पुढं चालू लागली. घरी आली, लोखंडी पायरी स्वतः उचलून भिंतीला लावली, कडी घातली, आणि तेव्हापासून खाली उतरलेली नाही. माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. मीठ कुठंय, दार लाव. गल्लीतल्या बायका चौकशीला येतात तेव्हा दारातूनच सांगते, ‘मला एकच मुलगी. थोरला होता, तो फाइलीत गेला.’

तुला काय वाटलं असेल ते लिही. शिव्या दे हवं तर. पण लिही.

बारकी

•

९ जून

बारके,

शिव्या द्यायला बसलो होतो, पण तू मागितल्यास म्हणून देत नाही. तुला आयतं काही मिळू नये अशी माझी पहिल्यापासून भूमिका आहे.

तुझं पत्र धुलाईखान्यात उभ्यानं वाचलं. इथं मी चादरींना इस्त्री करतो, म्हणजे यंत्र करतं, मी चादर सरळ धरतो. वाचता वाचता चार चादरी तिरक्या गेल्या. चारही खोल्यांत पाहुणे तिरक्या घडीवर झोपले असतील, त्यांना कळणारही नाही की कुठल्या गावच्या गटारामुळे.

आधी तुझं म्हणणं. तू चूक केली नाहीस. ऐंशी घरं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एक भाऊ, तोही दहा वर्षं घरात नसलेला, दर चार महिन्यांनी पत्ता बदलणारा. कुणीही तेच उत्तर दिलं असतं. मी साहेब असतो तर मीही अर्ज फेटाळला असता. शिंपीमामांचं म्हणणंही बरोबर आहे, आणि त्यांना नवीन जागा देणं तुझ्या हातात असेल तर दे. नसेल तर तो अर्ज तूच त्यांना लिहून दे.

आता माझं. एक गोष्ट मी तुला त्या पत्रात सांगितली नव्हती, मजेमजेत लिहीत सुटलो होतो. सही करताना माझा हात मुळीच अडला नाही, का माहीत आहे? मला वाटलं, कागद तुझ्यापर्यंत येईल. तू तो वाचशील, तेरा वर्षांचा हिशेब करशील, हसशील, आणि फाडून टाकशील. मग आपण दोघं आयुष्यभर वकीलकाकांच्या त्या मसुद्यावरून हसत बसू. त्या भरवशावर मी लिहून दिलं. जो कागद कुणी वाचणारच नाही त्यावर माणूस काय हवं ते लिहितो. त्याला आवकचा नंबर पडतो हे मला कुठं ठाऊक? सातवीत नंबर वेगळ्या गोष्टींचे पडायचे.

आणि तूही त्याच आठवड्यात पायऱ्या फोडत होतीस, माझ्या कागदाची गरज पडू नये म्हणून. म्हणजे दोघांनीही एकमेकांसाठीच केलं आणि मधल्या मधे मी विभक्त झालो. कुणावर रागवायचं तेच कळेना, म्हणून दोन दिवस टपालखात्यावर रागावलो.

पण एक सांगतो, आणि हे मजेत नाही. तू ‘नाही’ म्हणालीस त्याचं मला एवढं लागलं नाही जेवढं तू ते आईच्या पुढ्यात म्हणालीस त्याचं लागलं. मला तू केव्हाही परत ‘दादा’ लिहिशील आणि मी ‘बारके’ लिहीन, आपलं काय, आपण भांडणारी माणसं. तिनं ते ऐकलं आहे. ती म्हातारी साहेबांच्या ऑफिसात खुर्चीवर बसून आपल्या पोराचं कुटुंबातून नाव जाताना ऐकत होती, आणि तिला वाटलं असेल की उठून बोलले तर दुसऱ्या पोराची खुर्ची जाईल. ती गप्प बसली ते तुझ्यासाठी. आता उतरत नाही ते माझ्यासाठी. दोघांचं एकटीच करतेय.

तिला पत्रानं समजवता येत नाही, तुला माहीत आहे. माझं आलेलं पत्र ती हातात धरते, वास घेते आणि डब्यात ठेवते. आणि तू तोंडी समजवायला गेलीस तर म्हणेल, अध्यक्षबाई, भाषण झालं असेल तर दार लाव.

म्हणून मी काल दुपारच्या सुट्टीत पैसे पाठवण्याच्या खिडकीवर गेलो. आजवर आईच्या नावावर पाठवत होतो. या वेळी तुझ्या नावावर पाठवतोय. खिडकीतली पोरगी फार नेटकी, सगळं विचारून लिहीत होती. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, काम काय करतात. नगराध्यक्ष म्हणालो तर तिनं मान वर करून माझ्या चपला बघितल्या. मग विचारलं, पाठवणाऱ्याचं नातं? मी थोडा थांबलो. मागं रांग होती. तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही, म्हणून तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं, तुम्ही त्यांचे कोण?

मी सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं. पुरावा मागितला नाही. सुनावणी लावली नाही. शिक्का मारला आणि पुढचा म्हणाली.

आता नीट ऐक. आपल्या गावच्या पैशांच्या खिडकीवर तुझ्या नावाची पावती येईल. तिच्यावर माझं नाव आहे, त्यापुढं ‘सख्खा भाऊ, एकाच कुटुंबातला’ असं आहे, ‘एकाच कुटुंबातला’ हे मी मुद्दाम घालायला लावलं, ती म्हणत होती जागा पुरत नाही. घेणाऱ्यानं त्या ओळीखाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही करायची असते. एक प्रत त्यांच्याकडे राहते, एक तुझ्याकडे. दोन्ही प्रतींवर नंबर असतो. वकीलकाका म्हणतील, हा कागद शिंपीमामांच्या हाती लागला तर खुर्ची गेली. बरोबरच आहे, जाईल.

म्हणून घाई करत नाही. गटार आधी पुरं कर, पाऊस जाऊ दे. पैसे खिडकीवर नव्वद दिवस थांबतात, मी विचारून घेतलंय. नव्वद दिवसांत सही केली नाहीस तर ते माझ्याकडे परत येतील. मी काही म्हणणार नाही, पुढच्या महिन्यापासून पुन्हा आईच्या नावावर पाठवीन. केलीस, तर तुझी प्रत घरी ने. लोखंडी पायरी खाली सोड, तिच्यावर उभी राहा आणि पावती आईला वाचून दाखव. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी, माझ्या नावापासून शेवटच्या आकड्यापर्यंत: नऊ हजार चारशे.